मोबाइलमधील जकात नाका

चाकणहून माल भरून आलेला ट्रक मोशीच्या नाक्यावर थांबायचा, चालक खाली उतरून कागद घेऊन खिडकीशी जायचा. चाळिशी ओलांडलेल्या आपल्यापैकी कोणालाही हे दृश्य आठवेल. त्याच जकातीच्या जोरावर आपली महापालिका आशिया खंडातील श्रीमंत महापालिका म्हणून मिरवत होती. 1 एप्रिल 2013 रोजी जकात गेली, एलबीटी आला, 2017 मध्ये जीएसटी आला. जकातीबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, आम्हीही केल्या. परंतु तिचा दर छापलेला असे, आणि नगरसेवकाला पाच वर्षांनी का होईना, आपल्या वस्तीत मते मागायला यावे लागे.

आज तसाच एक नाका आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याचा दर ना सभागृहाने ठरविला, ना संसदेने.

चिखलीकडील एक तरुण आमच्याकडे अधूनमधून येतो. दिवसा कंपनीत कंत्राटी काम, रात्री वस्तीतील अभ्यासिकेत मुलांची एमपीएससीची तयारी करून घेतो. त्याला सराव परीक्षांचे ॲप काढायचे आहे. परवा त्याने विचारले, "वकीलसाहेब, सरकारने गुगलला एवढा मोठा दंड केला, मग आमचं कमिशन कमी झालं का?" प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही.

भारतातील शंभरातील पंचाण्णवच्या आसपास स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइडवर चालतात आणि प्ले स्टोअर त्यात आधीच बसवलेले असते. ॲपमधून डिजिटल माल विकायचा, म्हणजे सराव परीक्षा, ई-पुस्तक, गाण्यांची वर्गणी, तर पैसे गुगलच्याच यंत्रणेतून घ्यायचे आणि 15 ते 30 टक्के गुगलला द्यायचे, असा दंडक होता. (रिक्षाचे भाडे किंवा हॉटेलातून मागविलेले जेवण यात येत नाही. हा गैरसमज खूप जणांचा आहे.) इतकेच नव्हे, आमच्या संकेतस्थळावर हेच स्वस्त मिळेल, असे ॲपमध्ये ग्राहकाला सांगण्यासही मनाई! आणि गुगलच्या स्वतःच्या यूट्यूबला मात्र हे शुल्क नाही. दुकानदारांकडून जकात घ्यायची आणि नाकेदाराच्या भावाची गाडी तशीच सोडायची, असा हा प्रकार झाला.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये एका आठवड्यात दोन आदेश दिले. पहिल्यात अँड्रॉइडच्या मक्तेदारीबद्दल 1337.76 कोटी रुपये दंड, दुसऱ्यात या पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल 936.44 कोटी. आधार स्पर्धा कायदा, 2002 चे कलम 4. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे, असे हे कलम सांगते.

पुढे काय झाले? 29 मार्च 2023 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने 1337 कोटींचा दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. इतरांची ॲप स्टोअर प्ले स्टोअरवर येऊ द्या, आणि बाहेरून ॲप उतरवून घेण्यात आडकाठी करू नका, हे त्या चारांतच होते. म्हणजे नाकेदाराला दंड झाला, दुसरा रस्ता मात्र खुला झाला नाही. दुसऱ्या प्रकरणातील दंड 28 मार्च 2025 रोजी 216.69 कोटींवर आला. त्याविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दाखल करून घेतली.

दरम्यान गुगलने पैसे घेण्याचा दुसरा पर्याय दिला. त्यात कमिशन 4 टक्क्यांनी कमी. आमच्या तरुणाची परीक्षा 200 रुपयांची धरा. गुगलमार्फत घेतली तर 15 टक्क्यांनी 30 रुपये गेले. स्वतः दुसऱ्या मार्गाने पैसे घेतले तरी 22 रुपये गुगलला द्यायचेच, वर त्या दुसऱ्या यंत्रणेचा खर्च वेगळा. ज्या रस्त्याने गाडी गेलीच नाही, त्याची जकात!

काही मित्र म्हणतात, ही भांडवलदारांची आपसातील मारामारी, आपला काय संबंध? 1 मार्च 2024 रोजी शुल्काच्या वादातून गुगलने भारत मॅट्रिमनी, नोकरी यांसारखी ॲप प्ले स्टोअरवरून काढली. केंद्रीय मंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती परत आली. त्यांच्यासाठी मंत्री धावले. चिखलीच्या अभ्यासिकेसाठी कोण धावणार? बाबासाहेबांनी 1947 च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बजावले होते की, राज्याने हात काढून घेतला म्हणजे गरीब स्वतंत्र होत नाही, तो खासगी मालकाच्या हुकमाखाली जातो. संविधानाच्या अनुच्छेद 39 (ग) मध्येही संपत्ती आणि उत्पादनसाधने मूठभरांच्या हाती एकवटू नयेत, असेच राज्याला सांगितले आहे. ॲप स्टोअर हे आजचे उत्पादनसाधन नाही तर काय?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. बाहेरून येणारे ॲप धोक्याचे असू शकते. चाकणच्या एका कामगाराने व्हॉट्सॲपवर आलेली चलनाची एपीके फाइल उघडली आणि त्याचा महिन्याचा पगार गेला. तक्रार आम्हीच लिहून दिली. तेव्हा मोकळीक म्हणजे बेबंदपणा नव्हे. पण नाकेदार एकच असला म्हणजे चोर आत येत नाहीत, हेही खरे नाही. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात गुगलला प्ले स्टोअरवरूनच 2,200 हून अधिक कर्ज देणारी ॲप काढावी लागली, हे संसदेत सांगितले गेले आहे. ती ॲप आत सोडली कोणी?

युरोपात 7 मार्च 2024 पासून लागू झालेल्या कायद्याने ॲपललाही दुसऱ्या ॲप स्टोअरसाठी दार उघडावे लागले. आपल्याकडे फोनपेने 21 फेब्रुवारी 2024 रोजी इंडस ॲपस्टोअर सुरू केले, त्यात मराठीही आहे. पण ते लोकांच्या फोनमध्ये पोहोचणार कसे? प्ले स्टोअरवर त्याला जागा नाही. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला. आधी बाजाराचा अभ्यास करू, असे सरकारने 2025 मध्ये संसदेत सांगितले. या अभ्यासात बंगळुरू-दिल्लीच्या कंपन्या बोलतील, गुगलचे वकील बोलतील. शिकवणी घेणारा कंत्राटी कामगार बोलणार कधी?

म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाला पाठवायचे पत्र आम्ही त्या तरुणासोबत बसून मराठीतच लिहिले आहे. मागण्या तीनच: ज्या व्यवहारात गुगलची यंत्रणा वापरली नाही त्यावर कमिशन नको, लहान ॲपकर्त्यांसाठी दर कायद्याने ठरवा, आणि ॲप काढण्यापूर्वी मराठीत नोटीस व सुनावणी द्या. येत्या रविवारी सकाळी अभ्यासिकेत सह्यांसाठी कागद ठेवलेला असेल.