घोडमाशीचा अर्धवट घास

डास चावला हे बहुतेक वेळा तो उडून गेल्यावर कळतं. घोडमाशी मात्र चावतानाच कळते. डासाची सोंड कातडीखालची बारीक रक्तवाहिनी शोधून अलगद तिच्यात शिरते. घोडमाशीची मादी धारदार जबड्यांनी कातडीच कापते, जखमेत रक्त साचू देते आणि साचलेलं रक्त मऊ ओठांनी टिपून घेते. तिच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही, पण वेदना काही लपत नाही. जनावर शेपटी झाडतं, कातडी थरथरवतं, पाय आपटतं आणि माशीला पोट भरण्याआधीच उडावं लागतं. मग उरलेली भूक ती त्याच जनावरावर परत बसून भागवते, नाहीतर शेजारच्यावर. रोगप्रसारातलं या किड्याचं महत्त्व मुख्यतः या अर्धवट राहिलेल्या घासात आहे. तिचा दंश इतका दुखरा नसता, तर ती एवढी घातक ठरली नसती.

घोडमाश्यांच्या टॅबॅनिडी या कुळात चार हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांत टॅबॅनस वंशातल्या मोठ्या, दणकट माश्या येतात, तशाच पंखांवर गडद पट्टे असलेल्या लहान क्रायसोप्सही. नर फुलांतल्या मधुरसावर जगतात. रक्त लागतं ते मादीला, अंडी पोसण्यासाठी. पाण्याकाठच्या किंवा चिखलावर झुकलेल्या पानांवर ती शेकडो अंडी एका पुंजक्यात घालते. अळ्या खाली पडून ओल्या मातीत गांडुळं आणि इतर किड्यांच्या अळ्या खात वाढतात. काही जातींत ही वाढ वर्षाहून अधिक काळ चालते. अळ्यांना ओल लागते, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर या माश्या वाढतात, आणि जनावरांमधला सर्रा रोगही याच दिवसांत डोकं वर काढतो.

सर्राचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे परजीवी पाहिले. त्यांना पुढे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव मिळालं. घोडमाश्या हा परजीवी एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतात, हे दाखवणारे लिओनार्ड रॉजर्स यांचे प्रयोग १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. माशीच्या शरीरात या परजीवीची वाढ होत नाही. तिच्या मुखांगांना लागलेलं रक्त पुढच्या जखमेत उतरतं, इतकंच. एकच सुई न धुता गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना टोचावी, तसा हा प्रकार. हे रक्त असतं साधारण दहा नॅनोलिटर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. पण रोगी घोड्याच्या रक्तात परजीवी दाटलेले असतात, तेव्हा तेवढंही पुरतं.

इथे एक रास्त शंका येते. माशीच्या तोंडावरचं रक्त लवकर सुकतं आणि त्यातले परजीवी थोड्याच वेळात मरतात. मग इतक्या तकलादू वाटेने रोग किती पसरणार? त्याचं उत्तर या परजीवीच्याच इतिहासात आहे. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीचा वंशज. मूळ परजीवीला वाढीचा एक टप्पा त्सेत्से माशीच्या पोटात काढावा लागतो, म्हणून त्या माशीच्या प्रदेशाबाहेर त्याला टिकाव नाही. इव्हान्सीने त्या टप्प्यासाठी लागणारी जनुकीय सामग्रीच गमावली. आता त्सेत्सेत तो वाढू शकत नाही, पण कोणत्याही चावऱ्या माशीच्या तोंडून प्रवास करू शकतो. आणि तो उत्तर आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका एवढ्या मुलखात पसरला आहे. त्याच वंशातला ट्रिपॅनोसोमा विवॅक्सही दक्षिण अमेरिकेत त्सेत्सेशिवायच टिकून आहे. वाट अल्पायुषी असली तरी जनावरं खेटून उभी असतील तर ती पुरेशी लांब ठरते. या कामात तबेल्यातल्या स्टोमॉक्सिससारख्या इतर चावऱ्या माश्यांचाही वाटा आहे, पण अर्धवट घासाचं तत्त्व तिथेही तेच.

दुसरा आक्षेप असा, की हा गुराढोरांचा प्रश्न झाला, माणसाला त्याचं काय? सर्राच्या बाबतीत आपल्याला बऱ्यापैकी संरक्षण आहे, हे खरं. आपल्या रक्तातलं अपोएल-वन नावाचं प्रथिन या परजीवीला मारतं. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सर्राचा संसर्ग झाल्याचं २००४ मध्ये आढळलं आणि सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पुढच्या तपासणीत त्याच्या रक्तात हे प्रथिनच नसल्याचं दिसलं. त्याला संसर्ग बहुधा जनावराच्या रक्ताशी आलेल्या संपर्कातून झाला असावा. तो माशीमुळेच झाला असं म्हणता येणार नाही. गावातल्या १,८०६ जणांच्या चाचणीतही इतर कुणाच्या रक्तात परजीवी सापडला नाही. म्हणजे घबराटीचं कारण नाही, पण आपलं संरक्षण एका प्रथिनावर उभं आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय प्रत्येक रोगाला ही आडकाठी नसते. अमेरिकेतल्या युटामध्ये क्रायसोप्सच्या दंशातून माणसांना ट्युलरेमिया हा जिवाणूजन्य ताप होतो, हे एडवर्ड फ्रान्सिस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवलं होतं.

अर्धवट घासाचा नियम सगळीकडे लागू होत नाही. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतला लोआ लोआ हा कृमी क्रायसोप्सच्या शरीरात दहा-बारा दिवस वाढूनच माणसात शिरायला तयार होतो. तिथे घाईने मारलेल्या फेऱ्यांपेक्षा माशीचं आयुर्मान आणि तिने प्यायलेलं रक्त महत्त्वाचं. या कृमीमुळे एक वेगळीच अडचण उभी राहिली. रक्तात त्याची पिल्लं फार असलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून नदीकाठचं अंधत्व या रोगावर हेच औषध वाटणारी सामुदायिक मोहीम अशा भागांत जपून चालवावी लागते.

सर्रासारख्या रोगांपुरता मात्र नियम पक्का आहे, आणि त्यातून उपायही निघतो. अळ्या चिखलात विखुरलेल्या आणि प्रौढ माशी जनावरावर मोजकीच मिनिटं बसणारी, त्यामुळे नुसत्या फवारणीने तिचा बंदोबस्त होत नाही. अंतर मात्र काम करतं, कारण उडवलेली माशी दूरच्या जनावराकडे जाण्याऐवजी बहुधा पहिल्याकडेच परतते. म्हणूनच याच वाटेने पसरणाऱ्या घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयात अमेरिकेत बाधित घोडा इतरांपासून किमान २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर दूर ठेवतात. आपल्याकडे गाई-म्हशी अनेकदा फारशी लक्षणं न दाखवता सर्राचा परजीवी बाळगतात आणि शेजारचा घोडा मात्र खंगून मरतो. तेव्हा घोडा आजारी पडला की त्याच्या उपचारांबरोबरच गोठ्यातल्या धडधाकट दिसणाऱ्या म्हशीचं रक्तही तपासायला हवं. माशी फक्त रक्त इकडून तिकडे नेते. ते बाधित आहे का आणि पुढचं जनावर किती जवळ बांधलं आहे, या दोन गोष्टी पशुपालकाच्या हातात आहेत.