मुलांना मत्स्यालय दाखवायचे आहे? मग निघण्यापूर्वी एवढे करा



सोयाबीन बाजारात गेले, हातात चार पैसे आले आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, की घरोघरी एक विषय निघतोच. मुले म्हणतात, मुंबईला जाऊ, समुद्र पाहू, काचेतले मासे पाहू. चुडाव्याच्या मुलाने मासा पाहिलेला असतो तो पूर्णेच्या नाहीतर गोदावरीच्या जाळ्यात, किंवा बाजारात पाटीवर मांडलेला. डोळ्यांसमोर संथ पोहणारा, कल्ले हलवणारा जिवंत मासा त्याला पाहायचा असतो. हट्ट वाजवी आहे, तो पुरवावा.

पण नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटर. पाच माणसांचे जाणे-येणे, राहणे, खाणे हा लहानसहान खर्च नव्हे. एवढे करून दारात पोचलो आणि दाराला कुलूप असले तर? पोरांची तोंडे पाहवणार नाहीत. म्हणून पेरणीआधी जसा आपण पाण्याचा, बियाण्याचा आणि मजुराचा विचार करतो, तसाच या सहलीचाही करावा.

आधी चौकशी, मग तिकीट

महाराष्ट्रात मत्स्यालय म्हटले की तारापोरवाला हेच नाव तोंडी येते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनजवळ हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले होते. त्या काळी आठ लाख रुपये खर्च आला आणि त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून त्यांचे नाव दिले गेले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने ते चालवले. २०१५ साली नूतनीकरण होऊन तेथे बारा फुटांचा पारदर्शक बोगदाही झाला. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी शाळेच्या सहलीत हे मत्स्यालय पाहिले असेल.

मात्र मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत त्याचे दार बंद झाले. पुढे जुनी इमारत धोक्याची ठरली आणि ती नव्याने उभारण्याच्या योजना पुढे आल्या. तेव्हा "आम्ही पाहिले होते, असेलच" या भरवशावर निघू नका. मुंबईत नातेवाईक असेल तर त्याला प्रत्यक्ष जाऊन पाहायला सांगा. उघडल्याची खात्री झाली तरच त्याचा बेत करा.

मग जायचे कुठे?

पर्याय तीन आहेत. आपली सवड आणि खिसा पाहून निवडा.

पहिला, मुंबईच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, पेंग्विन पक्षी आहेत. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. थंड केलेल्या दालनात, काचेपलीकडच्या पाण्यात सूर मारणारा हा पक्षी पाहून मुले माशांचा हट्ट विसरतात. बाग बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. त्याच मुक्कामात एका पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकवर जा. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत मासळीच्या होड्या लागतात आणि लिलाव होतो. पापलेट, सुरमई, बोंबील, मुशी, पाकट यांचे ढीग दिसतात. आपल्या मोंढ्यात जसा धान्याचा सौदा होतो, तसाच हा माशांचा. मात्र जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा जाऊ नका.

दुसरा, रत्नागिरी. तेथे झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. त्याचे मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांसाठी असते. देवमाशाचा भलामोठा सांगाडा तेथे आहे. जागा लहान, पण शांतपणे पाहता येते आणि माहिती विचारता येते.

तिसरा, अहमदाबाद. तेथील सायन्स सिटीमध्ये जुलै २०२१ मध्ये मोठे मत्स्यालय सुरू झाले. ६८ टाक्या आणि पाण्याखालून चालत जाण्याचा २८ मीटरचा बोगदा आहे. डोक्यावरून शार्क मासा पोहत जातो. मुंबईहून अहमदाबादला रोज अनेक गाड्या आहेत, पण खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. मुले जरा मोठी असतील तरच हा बेत करा.

यांपैकी कुठेही जा, निघण्याच्या आठवड्यात वेळ, सुट्टीचा वार आणि तिकिटाचा दर फोन करून विचारून घ्या.

केव्हा जावे?

आपल्या भागात दोन वेळा बऱ्या. एक, सोयाबीन निघून हरभरा-ज्वारीची पेरणी उरकल्यावर. दुसरी, हळद शिजवून, वाळवून झाल्यावर, एप्रिलच्या अखेरीस. मे महिन्यात मुंबईत उकाडा असह्य आणि गाड्यांना गर्दी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ६ तारखेच्या महापरिनिर्वाण दिनासाठी मराठवाड्यातून हजारो लोक चैत्यभूमीला जातात. त्या दिवसांत गाडीत जागा मिळणे कठीण, आणि ती जागा त्यांच्यासाठी राहू द्यावी. तेथे पोचल्यावर रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताच आत गेले तर मुलांना काचेपाशी उभे राहता येते.

जनावरांची सोय निघण्याआधी लावा. शेजाऱ्याशी बोलणे करावे, "यंदा आमची वैरण-धार तुम्ही पाहा, पुढच्या वर्षी तुमची आम्ही." बहुतेक घरांत जनावरांसाठी मागे राहते ती घरची कारभारीण. बापलेक मुंबई पाहून येतात आणि ती गोठ्यातच. असे करू नका. घरात सर्वांत जास्त कष्ट तिचे, तेव्हा गाडीत पहिली जागा तिची असावी.

प्रवासाची तयारी

चुडाव्याहून आधी पूर्णा किंवा नांदेड गाठा. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. पुढे मुंबईसाठी देवगिरी, तपोवन, नंदीग्राम या गाड्या आहेत. देवगिरीने रात्रीचा प्रवास करून सकाळी पोचता येते, एक मुक्काम वाचतो. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ते १२० दिवस आधी मिळे, तो जुना हिशेब आता धरू नका. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे, बर्थ नको असेल तर अर्धे. गाडीची चौकशी आणि अडचण, दोन्हींसाठी १३९ हा क्रमांक आहे.

धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या. पैसे एकाच खिशात ठेवू नका. प्रत्येक मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, तिच्यावर नाव, गाव आणि दोन फोन नंबर. दादरच्या गर्दीत हात सुटला तर काय करायचे, हे घरीच शिकवा: जिथे आहेस तिथेच उभा राहा, पोलिसाला किंवा मुले सोबत असलेल्या बाईला चिठ्ठी दाखव. लोकलमध्ये चढताना मुले पुढे, आपण मागे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भरतीच्या वेळी मुलांना चढू देऊ नका.

काय पाहावे, कसे पाहावे?

मत्स्यालयात माणसे धावत जातात, "हा लाल, तो पिवळा" म्हणत अर्ध्या तासात बाहेर पडतात. आपण शेतकरी आहोत, आपण जरा मुळाशी जावे. एकेका टाकीपाशी थांबून मुलांना विचारा, हे पाणी घाण का होत नाही?

उत्तर आपल्या रानातच आहे. मासे जी घाण टाकतात तिच्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. टाकीच्या गाळणीत सूक्ष्म जिवाणू वाढवलेले असतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आपण कपाशीला युरिया टाकतो, त्याचेही जमिनीत जिवाणूंमुळे असेच होते आणि पिकाला नायट्रेट मिळते. काळ्या रानात चालणारे काम तेच, काचेच्या टाकीतही तेच.

दुसरे, हवेचे बुडबुडे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू माशाला लागतो आणि पाणी जितके गरम, तितका तो कमी मावतो. म्हणूनच उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात. शेवाळ फार असेल तर पहाटे हा त्रास जास्त, कारण रात्री शेवाळही प्राणवायू खाते. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांनी ही खूण घरी नेऊन रोज पहाटे पाहावी. मासे वर येताना दिसले की खाद्य थांबवा, ताजे पाणी सोडा. वेळेवर केले तर तळे वाचते.

तिसरे, कोणता मासा कोणत्या थरात पोहतो ते पाहा. आपल्या तळ्यातला कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. सोयाबीनमध्ये तूर घेतो, तोच विचार.

मुलांसाठी गमतीही पुष्कळ आहेत. समुद्रघोड्यात पिलांची पिशवी नराच्या पोटाला असते. अष्टपादाला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते. आपला मरळ पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून थोडा वेळ पाण्याबाहेरही तग धरतो. काचेवर टकटक करू देऊ नका. तो हादरा पाण्यातून माशाला बसतो.

निघण्याआधी एक पाहणी घरची

माझे म्हणणे, मुंबईआधी एक दिवस नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयाकडे किंवा सवड असेल तर येलदरी धरणाकडे जावे. तेथल्या मच्छीमार बांधवांना विचारून मुलांनी पाच माशांची नावे लिहून आणावीत. मग शहरात तोच मासा टाकीत दिसला की ओळखीचा माणूस भेटल्यासारखे होते. आणि ज्या पाण्यात तो राहतो त्यात औषधाचे रिकामे डबे धुऊ नयेत, फवारणीचा पंप ओढ्यात विसळू नये, हे मुलेच आपल्याला सांगू लागतात. कित्येक कीटकनाशके माशाला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. काचेतल्या माशाचे कौतुक करून आलेल्या घराने ओढ्यातला मासा मारू नये.

ज्यांना शेततळ्यात मासे पाळायचे मनात आहे, त्यांनी परत आल्यावर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तेथेही विचारता येते.

बेत ठरला की कागद घ्या, तारीख, माणसे, गाडी, मुक्काम आणि खर्च असे पाच रकाने आखा आणि ते मुलांकडून भरून घ्या. हिशेब त्यांच्या हातचा असला की वाटेत प्रत्येक दुकानापाशी हट्ट होत नाही. प्रवास सुखाचा होवो.