वायुसंपीडक, मोटारगाडीवरील
चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीच्या एंजिनावर बसविलेला, पट्ट्याने फिरणारा हवा दाबण्याचा पंप. वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरांतील दाब सु. १ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. पर्यंत उतरवितात. पक्क्या रस्त्यावर येताच तो पूर्ववत करावा लागतो. कारण मऊ टायर वेगात सतत वाकून तापतो व फुटू शकतो. विजेवरील छोटे पंप या कामी फारच मंद असतात.

यासाठी बहुधा मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील संपीडक वापरतात. पण कोणताही चालत नाही. बहुतेकांचे वंगणतेल प्रशीतकाबरोबरच फिरते. नुसती हवा ओढताना ते कोरडे पडून अडकतात. यॉर्क बनावटीच्या जुन्या, दोन सिलिंडरांच्या संपीडकास तेलाची स्वतंत्र कुंडी असल्याने तो पसंत करतात. त्याच्या मोठ्या प्रकाराचे विस्थापन दर फेऱ्यास सु. १७० घ. सेंमी. असते.

शोषणमुखाशी गाळणी लावतात. बाहेर पडणारी हवा तप्त व तेलकट असते. म्हणून लगतची नळी साध्या रबराची नसावी. तिच्यापुढे तेल-विभाजक, एकदिश झडप व टाकी असा क्रम ठेवतात. दाब ठराविक मर्यादेस पोचताच दाबस्विच विद्युत् चुंबकीय क्लच सोडवितो. हा स्विच बिघडल्यास टाकी फुटू नये म्हणून सुरक्षा झडप अनिवार्य असते. खर्च वाचविण्यासाठी ती गाळणे धोक्याचे आहे. टाकीत साचणारे पाणी तळच्या तोटीने वेळोवेळी काढतात.