मित्रा, हा सिनेमा बघच!

बालदोस्तांनो, सोमवारी मधल्या सुट्टीत कुठल्याही शाळेत डोकावून बघा. डबे उघडायच्या आधीच तोंडं उघडलेली असतात! "काल बघितलास का रे?" "अगं, तो शेवटचा भाग म्हणजे ना..." "ए थांब, सांगू नकोस!" "लई भारी आहे, तू बघच!" रविवारी कुणी काय काय पाहिलं, त्याचा सगळा हिशेब पोळीभाजीबरोबर वाटला जातो. हो की नाही?

आवडलेला सिनेमा किंवा मालिका दुसऱ्याला सांगितल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही. आंबा गोड निघाला की आपण शेजारच्याला म्हणतो, "ही फोड खाऊन बघ." तसंच आहे हे! पण फोड हातावर ठेवणं सोपं असतं. सिनेमा सांगणं त्याहून जरा अवघड असतं बरं का. कधी सांगणाऱ्याच्या उत्साहात सगळी गंमतच निघून जाते. कधी कुणी खट्टू होतं. कधी लहान भावंडं नको ते बघून बसतात आणि मग रात्री दिवा मालवू देत नाहीत. म्हणून आज आपण मित्राला सिनेमा कसा सुचवायचा, याबद्दलच गप्पा मारूया.

एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि...

मित्राच्या सांगण्यात किती ताकद असते, ठाऊक आहे? 'शोले'चं नाव तुम्ही ऐकलंच असेल. गब्बरसिंगची नक्कल तर तुमच्या वर्गातही कुणीतरी करत असेल! हा सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. तेव्हा पहिल्या काही दिवसांत सिनेमाच्या धंद्यातले जाणकार म्हणू लागले, "हा काही चालणार नाही." पण ज्यांनी तो पाहिला होता, ते घरी गेले, कचेरीत गेले, कट्ट्यावर गेले आणि म्हणाले, "अरे, जाऊन बघ!" एकाने दोघांना सांगितलं, दोघांनी चौघांना. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा सिनेमा पाच वर्षांहून जास्त चालला. पाच वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल सहावीत जाईपर्यंत!

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. १९५५ साली बंगालमध्ये सत्यजित राय यांचा पहिला सिनेमा आला, 'पथेर पांचाली'. खेड्यातल्या गरीब घरातल्या दुर्गा आणि अपू या बहीणभावाची ती गोष्ट. कोलकात्यात तो लागला, तेव्हा सुरुवातीला फारशी गर्दी नव्हती. पण आठ-पंधरा दिवसांत लोक एकमेकांना सांगू लागले आणि खुर्च्या भरू लागल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. आज जगातल्या उत्तम सिनेमांत त्याचं नाव घेतात.

तेव्हा "तू बघच" हे दोन शब्द साधे समजू नका!

सांगायचं किती?

आता एक खेळ खेळूया. 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' नावाचा एक इराणी सिनेमा आहे. माजिद माजिदी यांनी तो १९९७ साली केला. ऑस्करच्या अंतिम यादीत पोचलेला तो पहिला इराणी सिनेमा. समजा, तुमचे तीन मित्र तुम्हाला हा सिनेमा सुचवताहेत.

पहिला म्हणतो, "खतरनाक आहे! बघच!" झालं. संपलं. अरे बाबा, पण आहे काय त्यात? खतरनाक म्हणजे मारामारी आहे, की वाघ आहे, की भूत आहे? काहीच कळत नाही.

दुसरा सुरू होतो ते थांबतच नाही. पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत सगळं सांगून टाकतो. कोण पळालं, कोण रडलं, कोण जिंकलं, सगळं! घंटा होते तेव्हा तुमच्या मनात येतं, आता बघायचं राहिलंच काय?

तिसरी मैत्रीण म्हणते, "अली नावाचा मुलगा आहे. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट त्याच्याकडून हरवतात. घरी पैसे नाहीत, म्हणून दोघं आईबाबांना काही सांगत नाहीत. एकच जोड दोघं वापरतात. तिची शाळा सकाळची, याची दुपारची. ती धावत येते, गल्लीत बूट काढून देते आणि मग हा धावत सुटतो. एक दिवस शाळेत धावण्याची शर्यत जाहीर होते. तिसऱ्या नंबरला बक्षीस काय, तर बुटांचा जोड! म्हणून अलीला पहिलं यायचंच नसतं, त्याला बरोबर तिसरं यायचं असतं. पुढचं मी सांगणार नाही."

सांगा बरं, तिघांपैकी कुणाचं ऐकून तुम्हाला सिनेमा बघावासा वाटला? तिसरीने तुम्हाला दारापर्यंत नेलं, दार किलकिलं केलं आणि स्वतः बाजूला झाली. आत जाण्याची मजा तुमच्यासाठी ठेवली. शिफारस अशी हवी.

शेवट न सांगण्याची तर एक मोठीच परंपरा आहे. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाटक १९५२ सालापासून होत आलंय. मधे करोनाच्या साथीत ते बंद ठेवावं लागलं, पण नंतर पुन्हा सुरू झालं. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. इतकी वर्षं लाखो लोक ते नाटक बघून गेले आणि नवे लोक आजही तिकीट काढून, श्वास रोखून बसतात! मग आपल्याला एका मधल्या सुट्टीपुरतं गुपित सांभाळता येणार नाही का?

कुणाला सांगताय?

डॉक्टर सगळ्यांना एकच औषध देतात का? नाही ना! पोट दुखणाऱ्याला वेगळं, खोकला झालेल्याला वेगळं. सिनेमाचंही तसंच. तुमचा एक मित्र विनोदी सिनेमा बघून लोळतो. दुसऱ्याला प्राणी आवडतात. एखादीला साध्या सावलीची सुद्धा भीती वाटते. तिला तुम्ही भुताचा सिनेमा सुचवलात आणि वर "घाबरट कुठली!" म्हणून चिडवलंत, तर ती शिफारस झाली का? ती तर खोडी झाली.

मोबाइल किंवा टीव्हीवरची ॲप्सही आपल्याला नवं काहीतरी सुचवत असतात. तुम्ही आधी काय पाहिलं आणि तुमच्यासारखंच पाहणाऱ्या इतर लोकांनी पुढे काय पाहिलं, यावरून ती अंदाज बांधतात. म्हणून एक कार्टून पाहिलं की त्याच्यासारखी दहा समोर येतात. पण तुमची आजी आजारी आहे, तुमचा पेपर अवघड गेला, परवा कट्टी झाली म्हणून तुम्ही गप्प गप्प आहात, हे तुमच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला दिसतं. तो म्हणतो, "हा बघ, तुला बरं वाटेल." आणि खरंच बरं वाटतं!

आणखी एक काळजी घ्यायला हवी. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक प्रमाणपत्र दिसतं. ते घाईघाईत सोडून देऊ नका. 'यू' म्हणजे सगळ्यांनी बघावा असा. 'ए' म्हणजे फक्त मोठ्या माणसांसाठी. मधल्या 'यूए' गटाचे २०२४ पासून तीन भाग केले आहेत : ७+, १३+ आणि १६+. 'यूए १३+' असेल, तर तेरा वर्षांखालच्या मुलांनी तो बघायचा की नाही, ते आईबाबांनी ठरवायचं. ॲपवरच्या मालिकांवरही असे आकडे असतात. तेव्हा तुम्ही आठवीत असाल आणि दुसरीतल्या मावसभावाला काही सुचवत असाल, तर आधी हा आकडा बघा. सुचवणाऱ्यावर तेवढी जबाबदारी असतेच.

"मी नाही बघितलं"

आता जरा मनातली गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात एकदा एका मालिकेने सगळ्यांना वेड लावलं होतं. एका मुलाच्या घरी टीव्हीचा रिचार्ज संपला होता, तो काही लवकर भरला जाणार नव्हता. पण सगळे बोलायला लागले की तोही म्हणायचा, "हो हो, मी पण बघितलं!" एक दिवस कुणीतरी विचारलं, "मग सांग, त्यातल्या कुत्र्याचं नाव काय?" तो गप्प. सगळे फिदीफिदी हसले. त्या दिवशी त्याने डबा खाल्लाच नाही.

का बरं तो खोटं बोलला असेल? त्याला मालिकेपेक्षा तुमच्या घोळक्यात बसायचं होतं, म्हणून. "तू अजून बघितलं नाहीस?" हा प्रश्न आपण सहज विचारतो, पण समोरच्याला तो टोचू शकतो. प्रत्येकाच्या घरी टीव्ही असेलच असं नाही. असला तर तो मोठ्यांच्या हातात असतो. मोबाइल आईबरोबर कामावर जातो. आणि कुणाकुणाच्या घरी परीक्षेपर्यंत सगळंच बंद असतं!

त्या मुलाच्या बाकावरचा दोस्त मोठा शहाणा निघाला. शाळा सुटल्यावर तो एवढंच म्हणाला, "रविवारी आमच्याकडे ये. मला परत बघायचीच आहे." दोघांनी मिळून ती मालिका पाहिली. सोमवारी हाच मुलगा म्हणाला, "त्या कुत्र्याला खेळायला सगळे हाका मारतात, पण त्याला खायला कुणीच देत नाही." वर्गातल्या इतक्या जणांनी ती पाहिली होती, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

शिफारशीतली सगळ्यात छान शिफारस कुठली, कळलं ना? "चल, बरोबर बघूया" ही! १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा पुष्कळ घरी टीव्हीच नव्हते. ज्यांच्याकडे होता, त्यांच्या घरी अख्खी आळी सतरंजीवर मांडी घालून बसायची. घरी विचारून बघा, कुणीतरी आठवणी नक्की सांगेल.

आणि नाही आवडलं तर?

मित्राने मनापासून सुचवलेला सिनेमा आपल्याला आवडला नाही, असंही होतं. मग काय करायचं? "कसला बकवास!" म्हणायचं? की खोटंच "भारी होता" म्हणायचं? दोन्ही नको. "मला तो मधे मधे कंटाळवाणा वाटला, पण गाणी छान होती. तुला त्यात काय आवडलं?" असं विचारून बघा. कदाचित तो म्हणेल, "त्यातले आजोबा अगदी माझ्या आजोबांसारखे आहेत." मग तुम्हाला सिनेमाबरोबर मित्रही थोडा जास्त कळतो. माणूस आपली आवडती गोष्ट सांगतो, तेव्हा आपल्या मनातलंच काहीतरी बाहेर काढून दाखवत असतो. त्याला हसायचं नसतं.

तुम्ही सुचवलेलं दुसऱ्याला आवडलं नाही, तर तुम्हीही रुसू नका हं! कारलं आवडणारे आणि न आवडणारे एकाच पंगतीत जेवतातच की.

आणि हो, घरातल्या मोठ्यांच्या शिफारशी विसरू नका. २०२० साली टाळेबंदीत सगळे घरात अडकले होते, तेव्हा दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं. आईबाबांनी लहानपणी पाहिलेली मालिका तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या दादा-तायांनी त्यांच्याच शेजारी बसून पाहिली. माझी स्वतःची शिफारस विचाराल, तर 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका शंकर नाग यांनी केली आणि दूरदर्शनवर ती १९८६ साली सुरू झाली. कर्नाटकातल्या आगुंबे गावात तिचं बरंचसं चित्रण झालं. त्यातला स्वामी तुमच्यासारखाच आहे. गणित म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो, क्रिकेट म्हटलं की अंगात वारं शिरतं! पुढचं? पुढचं मी सांगणार नाही!

तर मग या आठवड्यात एवढं करा. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव. दुसरीत गोष्ट कशाबद्दल आहे ते, शेवट न सांगता. तिसरीत, ही शिफारस कुणासाठी आणि का. "ज्याला कुत्रा पाळायचा आहे पण घरचे नाही म्हणतात, त्याच्यासाठी", असं काहीतरी! वर्गात एक रिकामा खोका ठेवा आणि चिठ्ठ्या त्यात टाका. शनिवारी शाळा सुटताना प्रत्येकाने एक उचलायची. आणि ज्याच्या घरी बघायची सोय नाही, त्याने चिठ्ठी उघडली, की लिहिणाऱ्याने काय म्हणायचं, ते आता तुम्हाला सांगायला नकोच!