कुत्रा कोणाचा?

कुत्रा चावून आलेल्या माणसाला मी आधी विचारतो, जखम धुतली का? उत्तर बहुधा ‘तिखट लावलं’ असं येतं, क्वचित चुना. मग विचारतो, कुत्रा कोणाचा? रस्त्यावरचा असला तर लगेच सांगतात. नाहीतर, ‘तसा आमचाच, पण बाहेरच असतो.’

कोकणातल्या वाडीवाडीत असे राखणीचे कुत्रे आहेत. त्यांना नाव असतं, भात आणि माशाचं डोकं मिळतं, लस मिळत नाही. पाळीव कुत्र्याची नोंद करून परवाना घेणं लोकांना उगाचचा कर वाटतो. मला त्या कागदावर लसीची तारीख दिसते. शिवाय मालक ठाऊक असला की कुत्र्यावर लक्ष ठेवता येतं. चावल्यानंतर तो 10 दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं मानतात. मात्र माणसाची लस त्यासाठी थांबवायची नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर बहुतेक कोणी वाचत नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून ऐकू येते; ती जुनी लस बंद होऊनही वीस वर्षं झाली.

भटक्या कुत्र्यांचं काय? मारून टाका म्हणणारे पुष्कळ. मुंबईत 1832 मध्ये तसा हुकूम निघाला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. पुढेही 1994 पर्यंत महापालिका कुत्री मारत होती, पण ती संपली नाहीत. कचरा आणि मासळीची घाण उघड्यावर पडली की रिकाम्या जागी दुसरी येतात. 2023 च्या नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा होता तिथेच सोडायचा, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची. शेजारच्या गोव्याने 70 टक्के कुत्र्यांना लस देण्याचं लक्ष्य धरून वर्षानुवर्षं काम केलं. 2021 मध्ये ते देशातलं पहिलं ‘रेबीज नियंत्रित’ राज्य जाहीर झालं.

मध्यंतरी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. घरच्या दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागून पाच दिवस झाले होते. ‘पिल्लूच ते, म्हणून आलो नाही.’ आता कसं आहे, विचारलं. ते आदल्या रात्री मेलं होतं. मुलीला लस सुरू केली, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं. घरात आणखी कोणाला ओरखडे, दात लागलेत का, विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरचे चौघे रांगेत होते.