तेंगानान : जमीन न विकणारे गाव

बालीच्या पूर्व भागात, कारांगासेम जिल्ह्यात, तीन बाजूंनी डोंगर आणि दक्षिणेला समुद्राकडे उतरत जाणारी वाट अशा खोऱ्यात तेंगानान पेगरिंगसिंगान वसले आहे. गावाला तट आहे, चारी दिशांना अरुंद दरवाजे आहेत. आत दक्षिणोत्तर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे दगडी चौक आणि त्यांच्या कडेने एकसारख्या घरांच्या ओळी. इथले लोक स्वतःला हिंदू म्हणवतात, पण त्यांचा मुख्य देव इंद्र. उरलेल्या बालीत मृताचे दहन थाटामाटाने होते, इथे दफन होते. बालीतली चातुर्वर्ण्याची उतरंड या गावाने घेतलेली नाही, आणि पंचांगही स्वतःचेच आहे. त्यामुळे प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांचे एक उत्तर ठरून गेले आहे : आडबाजूला राहिले म्हणून जुने राहिले. हे उत्तर मला पटत नाही. याच बेटावर याहून दुर्गम गावे होती आणि ती बदलली. तेंगानान टिकले ते जमिनीच्या कायद्यामुळे, आणि तो कायदा राबवणारी गावकी शाबूत राहिल्यामुळे.

गावाची जन्मकथाच जमिनीची आहे. बेदाहुलुच्या राजाचा लाडका घोडा हरवला. घोड्याचे नाव आपल्या उच्चैःश्रव्यावरून आलेले. शोधायला निघालेल्या माणसांना तो मेलेला सापडला. राजाने इनाम देऊ केले, तेव्हा त्यांनी मागणी केली की मेलेल्या घोड्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन आम्हाला द्या. मोजणीला राजाचा अधिकारी आला. तो चालत गेला, चालत गेला, पण वास काही सुटेना. कारण बरोबर चालणाऱ्या म्होरक्याने कुजलेल्या मांसाचा तुकडा अंगावरच्या वस्त्रात लपवला होता. गावाने आपल्या पूर्वजाची ही लबाडी झाकली नाही, उलट अभिमानाने जपली. मूळपुरुष म्हणून कुणी ऋषी किंवा योद्धा न सांगता मोजणीदाराला चकवणारा माणूस सांगणाऱ्या गावाला हद्दीचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

कथेवर सगळी भिस्त ठेवायचे कारण नाही, लेखी पुरावा आहे. बालीत गावाच्या नियमांना ‘अविग-अविग’ म्हणतात. तेंगानानची नियमांची पोथी 1841 सालच्या आगीत जळाली. पुढच्याच वर्षी, 1842 मध्ये, क्लुंगकुंग आणि कारांगासेम इथल्या राजांच्या संमतीने गावाने ती पुन्हा लिहून घेतली. केवळ ‘वाडवडील सांगत आले’ एवढ्यावर चालणाऱ्या समाजाला पोथी जळाल्याने एवढी घाई झाली नसती. राजदरबारांची मान्यता मिळवण्याची गरजही वाटली नसती. लिहिलेल्या पोथीतले एक कलम बाकी सगळ्यांवर भारी आहे : गावाची जमीन बाहेरच्याला विकायची नाही आणि गहाणही टाकायची नाही. झाडांनाही असेच नियम लागू आहेत. फणस, दुरियान, जंगली अक्रोड अशी झाडे मालकालासुद्धा मनाला येईल तेव्हा तोडता येत नाहीत, आणि ठरावीक झाडांची फळे खुडायची नाहीत, पिकून खाली पडण्याची वाट पाहायची. वारसाहक्कात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. गावसभेत एकटा पुरुष सभासद नसतो, विवाहित जोडपे असते. बसण्याचा क्रम लग्नाच्या ज्येष्ठतेने ठरतो. व्ही. ई. कोर्न या डच अभ्यासकाने 1933 साली या गावावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातच गावाला ‘ग्रामप्रजासत्ताक’ म्हटले. त्याला इथे भाबडी आदिम वस्ती दिसली नव्हती, घटना असलेले छोटे राज्य दिसले होते.

अलिप्तपणाच्या समजुतीला खरा छेद देते ते इथले कापड. गेरिंगसिंग हे दुहेरी इकत आहे. विणण्याआधीच उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांवर गाठी बांधून नक्षी रंगवायची आणि विणताना दोन्हींची नक्षी एकमेकींवर अचूक बसवायची. इंडोनेशियात हे काम फक्त तेंगानानला होते. जगातही ते करणारी ठिकाणे मोजकीच : आपल्याकडे पाटण आणि तेलंगणातले पुट्टपाका, तिकडे जपान. सूत आधी जंगली अक्रोडाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात महिना-दीड महिना मुरवतात, तेव्हा ते रंग धरण्याजोगे होते. मग निळीचा हात. त्यानंतर तांबड्यासाठी बारतोंडीच्या मुळांची साल, तीही पुन्हा पुन्हा, मध्ये सूत दीर्घकाळ ठेवून देत. एक वस्त्र पुरे व्हायला कित्येक वर्षे जातात. विणणाऱ्या बायका कमरेला बांधायच्या मागावर बसतात. ते वस्त्र रोगराई दूर ठेवते अशी श्रद्धा असल्याने त्याला तेंगानानबाहेरही, बालीच्या इतर गावांतल्या विधींत, मागणी आहे. आता यातले गावचे किती ते पाहा. बारतोंडीची साल समुद्रापलीकडच्या नुसा पेनिदा बेटावरून येते, हातकताईचे सूतही तिथलेच. निळीचे काम तेंगानानात वर्ज्य, म्हणून सूत शेजारच्या बुगबुग गावात रंगवून आणतात. गावाचे सर्वांत पवित्र वस्त्र तीन ठिकाणच्या हातांतून जाते.

हे जाळे बालीपुरतेही नाही. गुजरातचा पटोला, म्हणजे तिकडचे दुहेरी इकत, व्यापाऱ्यांनी आणि पुढे डच कंपनीने शतकानुशतके या द्वीपसमूहात नेला. तिथल्या राजघराण्यांनी आणि देवळांनी तो पूज्य वस्त्र म्हणून जपला. गेरिंगसिंगच्या काही नक्षींत पटोल्याची फुले ओळखू येतात. तंत्रही तिकडूनच आले का, यावर वाद घालता येईल. नुसते कापड पाहून दुहेरी गाठींचे गणित सुटणे कठीण, तेव्हा मी त्याबाबत ठाम बोलणार नाही. नक्षी मात्र नक्कीच प्रवास करून आली. पाटणचे साळवी विणकर स्वतःच्या परंपरेत सांगतात की बाराव्या शतकात राजा कुमारपालाने त्यांच्या पूर्वजांना जालन्याहून पाटणला नेऊन वसवले. ती परंपरा खरी धरली तर या कापडाच्या गोत्राचा एक धागा मराठवाड्यापर्यंत येतो.

जमिनीच्या कायद्याने गाव टिकले, या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप बाजाराचा नाही, कुळांचा आहे. तेंगानानची भातखाचरे मुख्यतः डोंगरापलीकडे आहेत आणि ती कसतात शेजारच्या गावांतली माणसे, अर्धेलीने. वर्षभराचे विधी, लोखंडी पट्ट्यांचे पवित्र सेलोंदिंग वाद्य, सांबाह महिन्यात इंद्रासाठी काटेरी केवड्याच्या पानांनी चालणारी रक्त काढणारी झुंज, वर्षानुवर्षे चालणारे विणकाम, या सगळ्याला लागणारी सवड त्या अर्ध्या वाट्यातून येते. म्हणजे ज्या जमिनीमुळे संस्कृती टिकली म्हणायचे, तिच्यावर राबणाऱ्याला त्या संस्कृतीत जागा नाही. हा आक्षेप खोडून काढता येत नाही आणि तसा प्रयत्न करूही नये. उलट माझे म्हणणे त्याने पक्केच होते. सवड आकाशातून पडलेली नाही, तिच्यामागे सातबारा आहे. फक्त या गावाला समतेचा आदर्श म्हणून मिरवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. समता तटाच्या आतली आहे.

लग्नाचा नियमही असाच दुधारी आहे. गावाबाहेर लग्न करणाऱ्याला पूर्वी गावसभेतल्या पूर्ण हक्कांवर पाणी सोडावे लागे. अशांसाठी पूर्वेकडची वेगळी आळी होती. काहीशे वस्तीच्या गावात हे किती चालणार? लोकसंख्येच्या काळजीने ही बंधने अलीकडे सैल झाली. त्यात परंपरेचा ऱ्हास पाहणारे 1842 विसरतात. ज्या गावाने राजांकडे जाऊन आपला कायदा पुन्हा लिहून घेतला, ते गरजेप्रमाणे त्यातले कलमही बदलू शकते. तोच न्याय पर्यटनाला. दरवाजाशी देणगी घेतात, घरांच्या ओसरीवर कापड टांगतात, ताडपत्रावर रामायणाची चित्रे कोरून विकतात. त्यामुळे गाव म्हणजे आता नाटकाचा मांडव, असे म्हणणारे भेटतात. पण नाटक असते तर प्रेक्षकांच्या सोयीने तारीख ठरली असती. झुंज आजही गावच्या पंचांगाने येते, आणि गोरा पाहुणा विमान चुकवून बसतो.

पर्यटनाचा बाजार ज्याच्याकडे त्याच रस्त्याने आला त्या शेजाऱ्याचे काय झाले, हेही जवळच पाहता येते. तेंगानानपासून तीन-चार किलोमीटरवर चांदिदासाचा किनारा आहे. पर्यटक दोन्हीकडे एकाच वाटेने आले. फरक इतकाच की चांदिदासाची जमीन व्यवहारात मोकळी होती आणि समुद्राला कुणाचे कलम नव्हते. 1980 च्या दशकात तिथे हॉटेलांची रांग उभी राहिली. बांधकामाच्या चुन्यासाठी किनाऱ्यासमोरचा प्रवाळ खणून भट्टीत भाजला. लाटा अडवणारी भिंत गेली आणि वाळू वाहून गेली. पुढे उरलेला किनारा धरून ठेवायला सिमेंटचे बांध समुद्रात घालावे लागले. ते आजही तिथे आहेत, आणि भरतीच्या वेळी हॉटेलांसमोर पाय ठेवायला फारशी वाळू नसते.