एकच सुई, दर दोन

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या वाचनवर्गाला येणाऱ्या एका बाई दोन कागद घेऊन आल्या. वय पन्नाशीचे. सारा जन्म उन्हात गेलेला. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या पडलेल्या. त्या रागावलेल्या नसल्या तरी समोरच्याला वाटे, बाई रागावल्या आहेत. त्यांची लेक मुंबईला नोकरी करते. तिने आईला सांगितले, "आये, आता यावर सुई निघाली आहे. पैसे मी देते."

एक कागद रत्नागिरीतल्या दवाखान्याचा होता, दुसरा मुंबईतल्या. एकावर लिहिले होते, 'कपाळ : 4,000 रुपये'. दुसऱ्यावर लिहिले होते, 'एका युनिटला 300 रुपये'.

बाई म्हणाल्या, "दोन्ही कागद मी वाचले. अक्षर न् अक्षर वाचलं. पण स्वस्त कुठलं, ता काय कळत नाय."

आम्ही हसलो नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. कोणी चांदीचे पैंजण घेते, कोणी केसांना कलप लावते. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते कळले नव्हते. म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले ते येथे मांडतो.

प्रथम ही सुई कसली ते पाहू. हे औषध मुळात एक जहर आहे. नीट न टिकवलेल्या मांसात किंवा डब्यातल्या अन्नात एक प्रकारचे जंतू वाढतात. ते हे जहर तयार करतात. असे अन्न खाल्ले की माणसाच्या पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत केर्नर नावाच्या डॉक्टराने या विषबाधेचा अभ्यास केला. तिकडे मांस आतड्यात भरून ठेवतात. ते खाऊन लोक मरत होते. पुढे 1895 साली बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताच्या जेवणात खारवलेले मांस खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली. त्या वेळी व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने ते जंतू शोधून काढले. जहराचे नाव बोट्युलिनम. बोटॉक्स हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ते एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. जसे आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसे लोक या साऱ्याच सुयांना बोटॉक्स म्हणतात.

मग जहराचे औषध कसे झाले? आपला स्नायू हलतो तो नसेकडून हुकूम आल्यावर. हे जहर तो हुकूम अडवते. अगदी थोडेसे, एकाच ठिकाणी टोचले तर तेवढाच स्नायू काही महिने ढिला पडतो. अमेरिकेत स्कॉट नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टराने तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरून पाहिले. 1989 साली तिकडच्या सरकारने तिरळेपणा आणि पापण्यांची पेटके यांवर ते वापरायला परवानगी दिली. कॅनडात जीन कॅरुथर्स या डॉक्टरीणबाई पापण्यांच्या रोग्यांना ही सुई देत. 1987 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, सुईने कपाळाच्या आठ्याही जातात. त्यांचे यजमान कातडीचे डॉक्टर. दोघांनी मिळून पुढे शोध घेतला. 2002 साली अमेरिकेत आठ्यांसाठी परवानगी मिळाली. तेव्हापासून हा धंदा जगभर पसरला.

आता दराकडे वळू.

'युनिट' हा शब्द आपल्याला विजेच्या बिलावरून माहीत आहे. तेथे तो विजेचे माप. येथे तो औषधाच्या जोराचे माप आहे. कुपीत पांढरी पूड असते, ती डोळ्यांना नीट दिसतही नाही. एका कुपीत 50 किंवा 100 युनिट असतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मूळ कंपनीच्या औषधाचे ठरलेले माप 20 युनिट आहे. 300 रुपये गुणिले 20, झाले 6,000 रुपये. तर मग 4,000 चा दवाखाना स्वस्त, असे वाटेल. पण त्याने युनिट किती ते लिहिलेच नाही. समजा त्याने 10 च युनिट टोचले. मग एक युनिट 400 रुपयांना पडले. म्हणजे तोच महाग! वर औषध कमी पडले तर आठ्या नीट जायच्या नाहीत, किंवा लवकर परत येतील.

आता दुधाची गोष्ट घ्या. कुपीतली पूड तशीच टोचता येत नाही. सलाइनचे पाणी घालून ती विरघळवावी लागते. 100 युनिटांच्या कुपीत अडीच मिलिलिटर पाणी घातले, तर अर्ध्या मिलिलिटरात 20 युनिट येतात. पाच मिलिलिटर घातले, तर त्याच अर्ध्या मिलिलिटरात 10 च येतात. सुई तेवढीच भरलेली, टोचणे तेवढेच, पण औषध निम्मे. बघणाऱ्याला काय कळणार? दुधात पाणी घातले तर निदान साय पातळ येते. येथे तेही नाही. पण यावरून जास्त पाणी घालणारा डॉक्टर लबाडच, असे समजू नका. कोठे किती पाणी घालावे हे डॉक्टर आपल्या अनुभवाने ठरवतात. लबाडी पाण्यात नसते, युनिट लपवण्यात असते. म्हणून 'सुई किती भरली' हे विचारू नये. 'युनिट किती दिले' हे विचारावे.

यातही एक मेख आहे. साऱ्या कंपन्यांचे युनिट सारखे नाही. आपल्या आजोबांच्या वेळी एका गावची पायली दुसऱ्या गावी लागू पडत नसे. तसेच हे. बोटॉक्सचे जेथे 20 युनिट लागतात, तेथे डिस्पोर्ट या दुसऱ्या औषधाचे 50 लागतात. त्यात वाईट काही नाही. ते औषधही चांगले आहे. पण दोघांचा दर युनिटावर तोलू गेलात तर फसाल. दुसऱ्या कागदावर 300 रुपये लिहिले होते. ते डिस्पोर्टचे युनिट असते, तर हिशेब 50 गुणिले 300, म्हणजे 15,000 रुपये झाला असता! म्हणून कंपनीचे नाव कळल्यावाचून युनिटाचा दर वाचण्यात अर्थ नाही.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी उतरते, तेव्हा बर्फ आधी हजर लागतो. बर्फ नसेल तर सकाळचे पापलेट दुपारी कोणी हातात धरत नाही. हे औषधही मासळीसारखेच नाजूक. परदेशातल्या कारखान्यातून निघाल्यापासून दवाखान्याच्या फ्रिजपर्यंत त्याला 2 ते 8 अंशांच्या थंडीत ठेवावे लागते. मुंबईहून रत्नागिरी म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरची वाट, घाटाची वळणे आणि वैशाखाचे ऊन. येथे दवाखाना चालवणाऱ्याने वीज गेल्यावर फ्रिज चालू राहील अशी सोय केली असेल, तर त्याचा खर्च दरात धरलेला असतो. तो खर्च वाचवणाराही कोणी असतो. त्याचा दर कमी. पण मासळीला वास तरी येतो. उतरलेल्या औषधाला वास नाही, रंग नाही.

आणखी एक खर्च रोग्याच्या ध्यानात येत नाही. पाणी घातल्यावर कुपी 24 तासांत वापरावी, असे मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितले आहे. समजा 50 युनिटांची कुपी फोडली. 20 वापरले. उरलेल्या 30 चे काय? नियमाने टाकून द्यायचे. मोठ्या शहरात माणसे रोज येतात. लहान गावात आठवड्याला एखादे येते. येथला प्रामाणिक डॉक्टर टाकलेल्या औषधाचाही पैसा लावणार. म्हणून गावातला दर कधी कधी मुंबईपेक्षा जास्त निघतो. लोक म्हणतात, "गाव लहान, भाडे कमी, मग दर का जास्त?" त्यामागे हे कारण असू शकते. आणि दर फारच कमी असेल, तर ती उरलेली कुपी कोणा पुढच्याच्या वाट्याला आली असेल, हेही मनात आणावे.

नकली मालाचे तर आपल्याला नव्याने सांगायला नको. आपल्या हापूसला 2018 साली सरकारी मानांकन मिळाले. तरी परराज्यातला आंबा 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या पेटीत भरून विकणारे आहेतच. पेटी खरी, आंबा परका. औषधातही हेच चालते, पण त्यात जिवाशी गाठ असते. 2004 साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एका डॉक्टराने प्रयोगशाळेसाठीचे कच्चे जहर आणून टोचले. ते माणसांसाठी नव्हतेच. चौघे जण लुळे पडले. त्या चौघांत तो डॉक्टर स्वतः होता. 2024 सालीही तिकडे अनेक राज्यांत नकली किंवा नीट न हाताळलेल्या सुयांनी बायका आजारी पडल्या. काहींना इस्पितळात ठेवावे लागले. त्यांतल्या कित्येकींनी सुई घरी किंवा सौंदर्यगृहात घेतली होती.

म्हणून खोके आपल्यासमोर फोडायला सांगावे. त्यात लाजू नये. त्यावर कंपनीचे नाव, बॅच नंबर, मुदत आणि छापील किंमत असते. परदेशी माल असेल तर आणणाऱ्याचे नाव आणि परवान्याचा नंबर असतो. हे सारे आता आपल्याला वाचता येते की!

टोचणाऱ्याचा हातही दरात येतो, आणि यावा. कपाळात स्नायू एकावर एक बसलेले आहेत. सुई बोटभर इकडची तिकडे गेली तर पापणी खाली लोंबते आणि काही आठवडे तशीच राहते. शिकलेला, सरावलेला डॉक्टर जास्त मागतो तो याचेच मागतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांची नोंद असते. तिचा नंबर विचारावा. पार्लरमध्ये भुवया कोरून घ्याव्या, सुई मात्र टोचून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टी आहेत. मुंबईत जागेचे भाडे जबर. रूपासाठीच्या उपचारांना दुखण्यावरच्या उपचारांसारखी करमाफी नाही. कोणी कर धरून दर सांगतो, कोणी मागून जोडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून राहिलेले टोचण्याचे पैसे कोणी वेगळे घेतो. शिवाय 'फिलर' नावाची दुसरीच सुई असते. ती खड्डे भरते, तिचा दर युनिटावर नसतो. दोन्हींना लोक 'सुरकुत्यांची सुई' म्हणतात आणि दरांचा घोळ होतो.

आणि हा खर्च एकदाचा नाही. सुईचा गुण दोन-चार दिवसांत दिसू लागतो, तीन-चार महिने टिकतो, मग आठ्या परत. वर्षातून तीनदा घ्यायची म्हटली, तर 6,000 चे 18,000 झाले. हा आकडा आम्ही फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात चुळबूळ झाली.

तेवढ्यात मागे बसलेले एक गृहस्थ उठले. त्यांच्या भावाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. नखे तळहातात रुततात. मूठ उघडून धुता येत नाही. डॉक्टरांनी सुई सांगितली होती. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर तेच नाव होते. "हे तोंड सजवायचं औषध माझ्या भावाला कशाला लिहिलंनी?" असे म्हणून त्यांनी तो कागद चार महिने तसाच ठेवला होता.

औषध तेच आहे. आखडलेला स्नायू त्याने ढिला पडतो. मग मूठ उघडते, व्यायाम देता येतो. जन्मापासून हातपाय आखडलेल्या मुलांनाही ते देतात. पण येथे 20 युनिटांनी भागत नाही. हाताला दोनशे, कधी त्याहूनही जास्त लागतात. 300 च्या दराने 200 युनिटांचे 60,000 रुपये होतात. बाईंच्या आठ्या राहिल्या तर काही बिघडत नाही. पण या घरात दर नीट वाचता आला नाही, तर बागायत गहाण पडेल. आम्ही त्यांना सांगितले, आधी जिल्हा रुग्णालयात जा. रत्नागिरीत 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेथे विचारा. तेथे काय मिळते, काय बाहेरून आणावे लागते, ते कळल्यावरच खासगी दवाखान्याची पायरी चढा. आणि व्यायाम सोडू नका. सुई मूठ सैल करते, हाताला कामाला लावणे व्यायामाच्या हाती आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही दवाखान्यांना फोन केला. 'कपाळ 4,000' वाल्यांना विचारले, "युनिट किती? कंपनी कुठली?" उत्तर आले, "ते डॉक्टर बघतील. आधी पाचशे भरून नंबर लावा." दुसरीकडून उत्तर आले, "बोटॉक्स, 20 युनिट. कर वेगळा. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू, त्याचे पैसे नाहीत." बाईंनी हे सारे वहीत उतरून घेतले. 'युनिट' लिहिताना एक वेलांटी चुकली होती, ती आम्ही सुधारली.

"आता लेक गणपतीला आली की ठरवू," म्हणाल्या. त्या भावाच्या गृहस्थांनी ती वही मागून घेतली आणि तेच प्रश्न आपल्या केसपेपराच्या पाठीवर लिहून काढले.